अप्पांची गाडी ताठ करताना

गाडीत बसून गाडीला नावं ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बऱ्या शब्दांत सांगायचं तर मी सस्पेन्शन इंजिनिअर आहे. नवी गाडी बाजारात येण्याआधी ती खड्ड्यात कशी आपटते, वळणावर किती कलते, ब्रेक मारल्यावर नाक किती खाली घालते, हे मी टेस्ट ट्रॅकवर चालवून पाहते आणि मग तमिळ मुलखातल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात येऊन ज्यांनी ती बनवली त्यांच्याशी भांडते. सांगलीची असल्यामुळे भांडणात कमी पडत नाही. नऊ वर्षं हेच करते आहे. म्हणूनच आमच्या घरच्या गाडीचं जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते.

घरची गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो आणि सासूबाईंना अम्मा. दोघंही तंजावरकडचे मराठी. त्यांची घराणी तमिळ मुलखात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही बोटांवर मोजता येत नाही. लग्नाच्या बोलण्यांत त्यांची मराठी ऐकून माझी आई गोंधळून गेली होती, हे लोक पोथी वाचतायत की बोलतायत ते तिला कळेना. मला मात्र अम्मांनी पहिल्याच भेटीत तमिळ हेल काढून, "का करूलास, मा?" असं विचारलं, आणि नवऱ्याच्या आधी मी त्यांच्यावरच भाळले. "काय करतेस" एवढंच विचारत होत्या त्या. पण माझ्या कामाबद्दल इतक्या उत्सुकतेनं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

अप्पा बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमध्ये एका जहाजांच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी कारकुनी हाडात मुरलेली आहे. त्यांची पांढरी गाडी तेवीस वर्षांची आहे, आणि ती त्यांच्याशिवाय कुणी चालवत नाही. दर रविवारी आंघोळ झाली की ते कपाळाला गंध लावतात, कापडी पिशवीतून पायानं दाबायचा पंप आणि हवा मोजायचं मीटर काढतात, आणि चारही चाकांची हवा बघतात. देवपूजा नंतर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी शहाणपणा केला. ऑफिसची सवय म्हणून माझं स्वतःचं मीटर एका चाकाला लावलं आणि सांगितलं, "अप्पा, तुमचं तीस नाहीये, साडेएकोणतीस आहे." त्यांनी पंप आणि मीटर पिशवीत घातलं. दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अम्मांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "त्या चाकांस तूं हात लावूं नको, मा. तें त्यांचें." तेव्हापासून मी त्या चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी अम्मांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. मार्चपासून डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा वाजता दवाखान्यातल्या खुर्चीत बसायचं, चार तास सुया लावून घ्यायच्या आणि मग घरी यायचं. नवरा सिरुसेरीला कामाला जातो, त्याची कंपनीची बस लवकर. त्यामुळे न्यायचं-आणायचं काम अप्पांनी घेतलं. मी जमेल तेव्हा सुट्टी काढून सोबत जायचे.

जाताना अम्मा ठीक असायच्या. येताना पहिल्या मोठ्या वळणावर त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, देवळाच्या तळ्याचं वळण येईपर्यंत त्या पदर तोंडाला लावायच्या, आणि उड्डाणपुलाखालून उजवीकडे वळलो की मांडीवरची प्लास्टिकची पिशवी उघडायला लागायची. दर वेळी. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, मळमळ होते, होईल कमी. ती काही कमी झाली नाही. एकदा टॅक्सी करून पाहिली. तिच्यातल्या सुगंधी डबीच्या वासानं त्यांना आणखी लवकर उलटी झाली आणि ड्रायव्हरनं तोंड वाकडं केलं. त्यानंतर परक्या गाडीत बसणार नाही, असं अम्मांनी निक्षून सांगितलं. नवरा म्हणाला, नवी गाडी घेऊ. त्यावर अम्मा म्हणाल्या, "नव्या गाडींत ओकूं कां मी?" विषय संपला.

मी एकदा मागे त्यांच्या शेजारी बसून आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी डोलते आहे. वळण संपलं तरी तिचं डोलणं संपत नव्हतं. धडधाकट माणसाला ते जाणवलंही नसतं. चार तास रक्त गाळून आलेल्या सत्तरीच्या बाईला मात्र ते सोसणारं नव्हतं. मी घरी येऊन तसं सांगितलं. अप्पांनी पेपर खाली ठेवला आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीबद्दल माझ्याकडे काही मागितलं.

"तूं तें काम करतेस ना? मग कर. ताठ कर तिला. पण खाली बसवूं नको."

खाली बसवू नको म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल. इथे रस्ता दुरुस्त करतात म्हणजे जुन्या डांबरावर नवं डांबर ओततात. असं करत करत रस्ता वर गेला आणि आमचं घर खाली राहिलं. फाटकातून आत यायला एक उभी घसरण आहे, आणि तिच्या तोंडाशी गाडीचं पोट आणि सिमेंट यांच्यात जेमतेम अर्ध्या बोटाचं अंतर राहतं. शिवाय नोव्हेंबरात आमच्या गल्लीत पाणी भरतं. गाडी खाली बसली तर ती पाण्यातून येणार नाही, आली तर फाटकात घासणार, आणि अम्मांना डायलिसिसनंतर मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत चालत येणं शक्यच नव्हतं. गाडी दारापर्यंत यायलाच हवी होती.

गाडी ताठ करायची म्हटलं की बहुतेक लोक स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकतात. स्प्रिंग कडक होते, गाडी झोकात दिसते, पण ती खाली बसते. आम्हाला झोक नको होता. मी आधी शॉकअब, म्हणजे धक्के जिरवणारे दांडे, बघितले. ते तेल गाळून मोकळे झाले होते, नवे घातले. मग स्टॅबिलायझर. पुढच्या दोन चाकांना जोडणारी ही एक आडवी सळई असते. गाडी सरळ चालली असताना ती काही करत नाही, पण गाडी एका बाजूला कलायला लागली की पीळ खाऊन तिला आवरून धरते. ती जाड घातली तर गाडीची उंची केसानंही बदलत नाही. ह्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलमध्ये जाड सळई येत होती, ती मिळवली. तिच्याभोवती बसणारे रबरी बुश जॉर्ज टाउनमध्ये अप्पांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे मिळाले. ते आणायला अप्पा स्वतः गेले आणि आल्यावर मला एक-एक बुश कागदात गुंडाळलेला दाखवला.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं काम केलं. सगळं जोडून झाल्यावर त्यानं विचारलं, हवा बघू का? अप्पा म्हणाले, बघितली आहे. मी मान डोलावली. आमच्या ट्रॅकवर मला कुणी चाकांची हवा न मोजता गाडीत बसायला सांगितलं तर मी त्याची शाळा घेते. तिथे पहिलं काम तेच असतं. इथे मी मान डोलावली.

मग अम्मांनाच मी माझं यंत्र केलं. ऑफिसात आम्ही गाडीच्या फरशीला सेन्सर चिकटवतो, इथे अम्मा. एका रविवारी अप्पांनी गाडी तळ्याच्या वळणावरून तीनदा फिरवली आणि मी मागे अम्मांशेजारी वही घेऊन बसले. त्या डोळे मिटून सांगत होत्या. "आधी होडी होती. आतां पाळणा आहे." मी लिहून घेतलं. त्यांना ते आवडलं. आजारी पडल्यापासून त्यांना कुणी कसलं मत विचारलं नव्हतं, सगळे फक्त कसं वाटतंय ते विचारायचे.

होडीचा पाळणा झाला, पण पाळण्यातही माणसाला मळमळतं. उलट्या थोड्या उशिरा सुरू झाल्या, इतकाच फरक. मला ते झोंबलं. माझ्या हिशेबानं ही गाडी एवढी डोलायला नको होती. कुठेतरी चुकतंय हे दिसत होतं, पण चूक माझी असेल असं मनात येईना. मग मी इरेला पेटले. ह्याच गाडीच्या डिझेल भावंडाचं इंजिन जड, म्हणून त्याच्या पुढच्या स्प्रिंगा कडक असतात. त्या घातल्या. आमच्या हलक्या इंजिनाखाली गाडीचं नाक उलट थोडं वरच आलं. ताठ झाली, खाली बसली नाही, मी खूश.

त्या स्प्रिंगांनी रस्त्याचा प्रत्येक खडा आत आणला. पहिल्याच बुधवारी अम्मा सुई लावलेला हात दुसऱ्या हातानं छातीशी धरून बसून राहिल्या. आरशातून अप्पा सारखे मागे बघत होते. पुढच्या दोन आठवड्यांत धक्के जरा कमी झाल्यासारखे वाटले, नव्या स्प्रिंगा रुळल्या असतील असं मी मनाशी म्हटलं, आणि डोलणं मात्र पूर्वीपेक्षा वाढलं. मला काही उमजेना. एवढा खटाटोप करून मी आगीतून फुफाट्यात आणलं होतं.

एका बुधवारी फाटकातून आत येताना गाडीचं पोट सिमेंटला घासलं. खर्र असा आवाज आला. तेवीस वर्षांत तो आवाज कधी आला नव्हता. अप्पा उतरून वाकून बघत राहिले.

त्या संध्याकाळी अम्मांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. त्या खाटेवर होत्या, पाठीला उशी होती. रोजच्या आवाजात म्हणाल्या, "मी तिथल्या सिस्टरला सांगितलें. शुक्रवारचें शेवटचें. नंतर माझी खुर्ची दुसऱ्या कोणास द्या म्हणून. तिथें किती जण वाट बघत बसतात."

नवरा काहीतरी बोलायला लागला. त्यांनी हात वर केला. "पोदुम," म्हणाल्या. पुरे. डायलिसिस बंद म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं, आठवडा, फार तर दोन. नवरा उठून गच्चीवर गेला. अप्पा खाटेच्या पायथ्याशी बसून अम्मांच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. मला रडू आलं नाही, संताप आला. त्या बाईला उलटीच्या एका पिशवीपायी आम्ही घालवणार होतो, आणि पिशवी का लागते ते शोधण्यासाठी मला दरमहा पगार मिळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला सुट्टीचं कळवून टाकलं आणि टेप घेऊन गाडीपाशी बसले. माझ्याकडे दोन प्रकारची मापं लिहिलेली होती. एक, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत. दुसरं, दाराखालच्या पट्टीपासून जमिनीपर्यंत. स्प्रिंगा बदलल्या त्या दिवशी दोन्ही घेतली होती. पहिलं माप परत घेतलं, तंतोतंत तेच. म्हणजे स्प्रिंगा दबल्या नव्हत्या. दुसरं घेतलं. चारही बाजूंना आठ मिलिमीटर कमी.

चाकाच्या मध्याच्या वर सगळं ठीक होतं. म्हणजे उंची गेली ती चाकाच्या मध्याच्या खाली, आणि तिथे टायरशिवाय दुसरं काही नसतं. आजकालच्या टायरांचं पोट तसंही थोडं सुटलेलंच दिसतं, म्हणून डोळ्यांना कधी खटकलं नव्हतं. माझं मीटर पर्समध्ये होतं. सात वर्षांपूर्वीचे ते दोन अबोल दिवस आठवले. तरी लावलं.

अठरा. दुसऱ्या चाकात अठरा. तिसऱ्या, चौथ्या चाकात अठरा. पाहिजे तीस. पंक्चर असतं, झिरपत असतं, तर कुठे पंधरा निघालं असतं, कुठे बावीस. चारही चाकांत अर्ध्याचाही फरक नाही, असली टापटीप ह्या घरात एकाच माणसाची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी तीन महिने घातला होता, डिझेलच्या स्प्रिंगांसकट.

अप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. मी टेप हातात घेऊनच समोर उभी राहिले.

"अप्पा, चाकांत हवा किती आहे?"

"अठरा," ते लगेच म्हणाले.

"आणि पाहिजे किती?"

"तीस."

"मग?"

त्यांनी पेपरची नीट घडी केली. "तिला खडे लागतात, मा. सुईचा हात दुखतो. हवा कमी केली कीं गाडी मऊ जाते. मार्चमध्यें पहिल्या आठवड्यांतच चोवीस केली. तूं कडक स्प्रिंग घातलीस, धक्के फार झाले, मग अठरा केली. तूं नाराज होशील म्हणून बोललों नाहीं. तुझें काम चांगलेंच आहे."

मी ओरडले. सासऱ्यांवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता, आणि नंतरही नाही. टायर मऊ पडला की गाडी वळणावर आधी टायरवर लोळते, सरळ झाली तरी रबर तिला हलवत राहतं, वर मी कितीही जाड सळया घातल्या तरी काय उपयोग, मी वरून ताठ करतेय आणि तुम्ही खालून मऊ करताय, आठ महिने ती गाडी डोलतेय ती ह्यानंच, असं सगळं मी एका दमात बोलून गेले. शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला त्यांचा चेहरा दिसला.

"म्हणजे तिला ओकारी येत होती ती..." ते म्हणाले.

ट्रॅकवर मी मोठमोठ्या साहेबांना तोंडावर खरं सांगते. त्या सकाळी मला खोटं बोलायचं होतं. "शॉकअबही संपलेच होते अप्पा," मी म्हणाले. ते खरं होतं, पण मी ते आडोशाला धरलं होतं, आणि ते त्यांना कळलं.

"हवेचें होतें कां?"

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. अम्मा दाराची चौकट धरून उभ्या होत्या. माझा आवाज ऐकून खाटेवरून उठून आल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी माझा दंड सोडला नाही.

"हवेचें होतें कां, मा? नीट सांग."

"बरंचसं हवेचंच, अम्मा."

आता त्यांनी माझा दंड सोडला. मग अप्पांकडे बघत म्हणाल्या, "मज वाटलें शरीर नको म्हणूलाहे. आंत रक्त साफ करून घालतात आणि शरीर बाहेर टाकूलाहे. देव सांगूलाहे, पोदुम म्हणून. मी कां त्याच्याशीं भांडूं?"

आठ महिन्यांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं त्या त्रासाला कंटाळल्या. त्या त्रासाला कंटाळल्याच नव्हत्या. दर वळणावर त्या पिशवी उघडायच्या आणि समजायच्या की आपल्याला निघायचा निरोप आला आहे. मी त्यांना विचारलं, तिथे खुर्चीत बसल्यावर कधी उलटी झाली? नाही. घरी आल्यावर? नाही. फक्त गाडीत? त्यांनी मान हलवली.

"मग तो गाडीचा दोष आहे, अम्मा," मी म्हटलं, "आणि माझा. मी पहिल्या दिवशी मीटर लावायला हवं होतं."

अप्पा तोवर खाली उतरले होते. कापडी पिशवी त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, पेट्रोल पंपावर दोन मिनिटांत भरून देतील. त्यांनी ऐकलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धोतराचा सोगा खोचून, पायानं पंप दाबत, एक-एक चाक भरत होता. मध्ये थांबून मीटर लावायचा, मला दाखवायचा, परत दाबायचा. तिसऱ्या चाकाला दम लागला तेव्हा मी पाय पुढे केला. त्यांनी मला पंप दिला, पण मीटर स्वतःकडेच ठेवलं.

दुपारी मेकॅनिककडे जाऊन मी डिझेलच्या स्प्रिंगा काढून टाकल्या आणि माळ्यावरच्या जुन्या परत घातल्या. त्यांना काहीच झालेलं नव्हतं. शॉकअब आणि जाड सळई तशीच ठेवली. परत येताना गाडी फाटकातून न घासता आत आली. अम्मा खिडकीतून बघत होत्या. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, "उद्यां बघूं. उद्यां शेवटचें म्हटलें आहे ना, तें तर बघूं." त्यांनी शब्द फिरवला नव्हता, आणि मला त्यांच्याकडून तो मागायचा धीर नव्हता.

शुक्रवारी अकरा वाजता सिस्टरनं त्यांना चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. हातावर पट्टी, चेहरा नेहमीसारखा ओढलेला. मी मागे त्यांच्या डाव्या बाजूला बसले, मांडीवर पिशवी उघडूनच ठेवली. अप्पांनी गाडी सुरू केली. पहिल्या वळणाला गाडी किंचित कलली आणि लगेच उभी राहिली. माझ्या मनगटावर अम्मांची बोटं होती, ती घट्ट झाली आणि सैल झाली. तळ्याच्या वळणावर एक बस आडवी आली, अप्पांना जोरात स्टिअरिंग मारावं लागलं. अम्मांनी डोळे मिटले होते. पदर खांद्यावरच होता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी बरं वाटतंय म्हणून सांगितलं असतं.

उड्डाणपुलाखाली सिग्नल लागला. आरशात अप्पांचे डोळे मागे लागलेले. हिरवा झाला, आम्ही उजवीकडे वळलो, वळण संपलं, गाडी सरळ झाली आणि सरळच राहिली. रस्त्यावर आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी होतं, एका खड्ड्यात डावं चाक गेलं, धप्प झालं. अम्मांनी डोळे उघडले. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"भूक लागली," त्या म्हणाल्या. "दोन इडल्या खाईन म्हणतें."

मार्चपासून त्या घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हत्या. अप्पांनी इंडिकेटर लावला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. मला वाटलं इडलीसाठी थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. "मीच," ते म्हणाले. "आठ महिने मीच तुला."

त्या दोघांना मी एकमेकांना हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्यासमोर तरी नाहीच. अम्मा पट्टी बांधलेला हात सांभाळत पुढे सरकल्या आणि दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"मज दुखूं नये म्हणूनच ना केलेंत," त्या म्हणाल्या. मग, "अहो, त्या सिस्टरला फोन लावा. सोमवारची माझी खुर्ची कोणास देऊन टाकली नाही ना, विचारा."

अप्पांनी खिशातून फोन काढला, पण त्यांना नंबर दिसेना. फोन मी लावला.